काळी माती विष अडवेल का?

जालना आज लोखंडी सळ्यांसाठी ओळखले जाते. इथल्या औद्योगिक वसाहतीत ठिकठिकाणचे भंगार वितळवून बांधकामाची सळई तयार होते. भंगारात निव्वळ लोखंड नसते. जस्ताचा मुलामा, जुना रंग, मिश्रधातू हेही भट्टीत जातात. त्यामुळे भट्टीच्या धुळीत जस्त, शिसे, कॅडमियम असू शकते. ही धूळ उघड्यावर साठली की पावसाचे पाणी त्यातला काही अंश जमिनीत नेते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढलेल्या जिल्ह्याला विहिरीचे पाणी बिघडणे परवडणारे नाही.

पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे भारतीय मानक सांगते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, तर कॅडमियम मूत्रपिंडावर घाला घालते. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते, धातू तसाच राहतो.

एकदा भूजलात गेलेला धातू काढणे फार महाग पडते. म्हणून जगभर आधी त्याला जागच्या जागी कोंडण्याचा मार्ग धरतात. दूषित जागेभोवती खोल चर खणून त्यात माती आणि बेंटोनाइट यांचे मिश्रण भरले जाते. मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा घालतात, तत्त्व तेच. धोकादायक कचऱ्याच्या भरावाखालील मातीच्या थरातून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा वेगाने झिरपू नये, असा निकष आहे. साध्या परिस्थितीत हा वेग वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर होतो.

मराठवाड्याची काळी माती आणि कच्छ-बारमेरचे बेंटोनाइट यांच्यात एकच खनिज आहे, मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण भार असतो, म्हणून शिसे, जस्त यांचे धन आयन त्याला चिकटतात. मग शेतातलीच माती का वापरू नये? उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा पाहिल्या की उत्तर मिळते. ती सुकली की फाटते.

चांगल्या बेंटोनाइटचीही एक गोची आहे. त्याच्यातल्या सोडियममुळे ते पाण्यात फुगते आणि फटी बुजवते. पण धातूंचे आयन सोडियमची जागा घेतात तेव्हा फुगलेले पापुद्रे आकसतात आणि भिंत सैल पडते. म्हणजे विष पकडण्याच्या नादात ती गळकी होऊ शकते! सुधारित माती इथे कामी येते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी बेंटोनाइटला कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजची जोड दिली. टूथपेस्ट आणि आइसक्रीम दाट करायला वापरतात तेच हे द्रव्य. त्याने पापुद्रे खारट पाण्यातही उघडे राहायला मदत होते.

क्रोमियमची कथा वेगळी आहे. त्याचे सर्वांत घातक, षट्संयुजी रूप पाण्यात ऋण आयन म्हणून वावरते, त्यामुळे साध्या मातीला ते चिकटतच नाही. त्यासाठी केसांच्या कंडिशनरमध्ये असतात त्या जातीचे अमोनियम क्षार मातीत मिसळून तिचा भार उलटा करावा लागतो. तमिळनाडूतील राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचरा वर्षानुवर्षे पडून राहिला. कोणता धातू, कोणत्या रूपात, हे न तपासता भिंत घालणे म्हणजे अंधारात औषध देणे.

माझ्या मते जालन्यातली खरी अडचण जमिनीच्या खाली आहे. वर थोडी माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला बेसॉल्ट. भिंत अखंड खडकात रुतवली नाही, तर दूषित पाणी तिच्या बुडाखालून निघून जाईल. तो खडक कुठे तीन मीटरवर लागतो, कुठे तीस. शिवाय वरून पाऊस रोखणारे झाकण हवे, आतले पाणी उपसून शुद्ध करायला हवे आणि हे काही दशके चालू ठेवायला हवे. कारखाना मालक बदलेल, भिंतीची देखभाल कोण करणार?

गावातल्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत भर असतो तो जंतू, क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइडवर. जड धातूंसाठी वेगळी उपकरणे आणि वेगळा खर्च लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. औद्योगिक वसाहतीच्या उताराकडच्या विहिरींत त्याच फेरीत शिसे, कॅडमियम आणि क्रोमियमचा नमुना घेऊन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येतील. चर कुठे खणायचा, हे त्यानंतरच ठरवता येईल.