सहाशे आवाजांची चुगली

'मी प्रेमात वगैरे नाहीये' हे कुणी सहा मिनिटं समजावून सांगायला लागलं, की समजून जायचं बॉस, गडी कामातून गेलाय! टेन सीसी या ब्रिटिश बँडचं १९७५चं 'आय ॲम नॉट इन लव्ह' नेमकं हेच करतं. गायक एरिक स्टुअर्टकडे प्रत्येक गोष्टीची सबब तयार. तिचा फोटो भिंतीवर का, याचीसुद्धा! बायकोची तक्रार होती, 'आय लव्ह यू' पुरेसं म्हणत नाहीस. रोज म्हटलं तर अर्थच उरणार नाही, हे त्याचं म्हणणं. त्यातून हे गाणं निघालं.

शब्दांवर एकवेळ विश्वास ठेवालही. पण मागे काय चाललंय ते ऐका. हेडफोन लावून, प्लीज.

मागे एक धुकं पसरलंय. व्हायोलिन्स? ऑर्गन? नाही हो, माणसं आहेत ती! गाणं आधी बोसा नोव्हा ढंगात करून झालं होतं. आवडलं नाही, पुसून टाकलं. मग केव्हिन गॉडली म्हणाला, सगळं आवाजांवरच करूया. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत गॉडली, लॉल क्रीम आणि ग्रॅहम गोल्डमन एकच सूर नुसत्या 'आऽऽ'मध्ये सोळा वेळा गायले. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस. मग पुढचा सूर. असं करत जवळपास सहाशे आवाज! प्रत्येक सुराच्या टेपचं वेटोळं करून तो सूर अखंड फिरत ठेवला आणि मिक्सिंगच्या वेळी चौघं जण कन्सोलवर बसून पेटी वाजवावी तसे फेडर वरखाली करत राहिले. कॉम्प्युटर? १९७५ साल आहे, राजे.

आणि आता माझा सगळ्यात लाडका भाग. फेडर पूर्ण खाली जाऊच नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली होती. म्हणजे कॉर्ड कुठलीही असो, बाकीचे सूरही मागे किंचित झिरपत राहतात. तानपुरा बिचारा दोन-तीन सुरांवर भागवतो, इथे सगळेच्या सगळे! हिशेबाने हा कलकलाट व्हायला हवा. पण होते ती एक हुरहुर, जी पठ्ठ्याला कितीही दाबली तरी शून्यावर आणता येत नाही.

बाकी वाद्यं अगदी मोजकी. फेंडर ऱ्होड्स पियानो, आणि ड्रमऐवजी मूग सिंथेसायझरवर काढलेला धडधडीसारखा मऊ ठोका. मध्येच एक बाई कुजबुजून समजूत घालते, ती स्टुडिओतली रिसेप्शनिस्ट. इतकी परफेक्ट, की भाड्याने आणलेली गायिका हे करूच शकली नसती.

'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'मुळे २०१४मध्ये नव्या पिढीलाही हे गाणं सापडलं. ऐकायचं तर सहा मिनिटांचंच व्हर्जन शोधा. अमेरिकेत सिंगलसाठी कापलेलं नको. शेवटी एरिकच्या सबबी संपतात, तो गप्प होतो. मागचे मात्र 'आऽऽ' करतच राहतात.