जॅकेट टाकून देण्याआधी

तुमच्या घरी अळूवडी करतात का? करत असतील तर पानं धुताना एकदा स्वयंपाकघरात जाऊन बघा. पाणी अळूच्या पानावर पसरत नाही. त्याचे गोल मोती होतात आणि घरंगळत खाली पडतात. पान कोरडंच! म्हणून तर जी गोष्ट फार टिकत नाही, तिला आपण मराठीत 'अळवावरचं पाणी' म्हणतो. पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. त्यामुळे थेंबाला चिकटायला जागाच मिळत नाही.

आता तुमचं पावसाळी जॅकेट घ्या. बाहेरच्या कापडावर साधारण हीच युक्ती केलेली असते. चांगल्या जॅकेटच्या आत आणखी एक पातळ पडदा असतो, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते.

१९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन सापडलं, तेही योगायोगाने. टेफ्लॉन हे एक ऑरगॅनिक पॉलिमर आहे. (ऑरगॅनिक म्हणजे दुकानातला महागडा टोमॅटो नव्हे! रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना ऑरगॅनिक म्हणतात.) पुढे १९६९ मध्ये बॉब गोर टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणून बघत होते. ती सारखी तुटायची. शेवटी वैतागून त्यांनी जोरात हिसका दिला, तर ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब झाली! आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. या नव्या पदार्थात सुमारे ७० टक्के हवा होती, तरी तो मजबूत होता, कारण आतल्या बारीक तंतूंची जाळी ताण सहन करत होती. छिद्रं इतकी लहान, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. गोर-टेक्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते यातूनच आलं.

मग माझी तक्रार काय आहे? टेफ्लॉनमध्ये कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी असते. ही जोडी इतकी घट्ट असते की निसर्गात ती जवळजवळ तुटतच नाही. अशा रसायनांच्या मोठ्या कुटुंबाला पीफास म्हणतात. जॅकेटच्या बाहेरच्या लेपातही वर्षानुवर्षं हीच रसायनं वापरली गेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ टेफ्लॉनच्या कारखान्यातून पीएफओए नावाचं असंच एक रसायन लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओएमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जाहीर केलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेच्या बसची दहा मिनिटं वाट बघायला असलं जॅकेट लागत नाही. कोकणात भातलावणी करताना लोक इरलं डोक्यावर घ्यायचे. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं आच्छादन. दिवसभर वाकून काम केलं तरी पाठ कोरडी राहायची, आणि खालून मोकळं असल्यामुळे वाराही लागायचा. मी तुम्हाला इरलं घालून शाळेत जा असं सांगत नाहीये, घाबरू नका!

काही जण म्हणतील, "मेणाचा किंवा सिलिकॉनचा लेप तितका चांगला नसतो." खरं आहे. तो पाणी अडवतो, तेल अडवत नाही, म्हणून लवकर मळतो. बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्यांची गरज वेगळी, हेही मला मान्य आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही हा फरक केलाय. १ जानेवारी २०२५ पासून तिथे पीफास असलेले नवे कपडे विकायला बंदी आहे, पण अतिशय ओल्या हवामानासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सूट आहे. तोपर्यंत त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

आणि जुनं जॅकेट? इथे माझीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं जॅकेट आतून ओलं लागायला लागलं. मला वाटलं, फाटलं. मी ते टाकून दिलं आणि दुप्पट पैसे देऊन नवं आणलं. नंतर कळलं की पडदा बहुतेक ठीकच असणार. बाहेरचं कापड मळलं की ते पाणी शोषतं, मग वाफ बाहेर जात नाही आणि आपण आपल्याच घामाने भिजतो! सौम्य साबणाने धुवायचं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये थोडा वेळ गरम करायचं. उष्णतेने लेप पुन्हा काम करायला लागतो. आयटीत एवढी वर्षं लोकांना "आधी बंद करून परत चालू करा" असं सांगणारा मी, मलाच हे सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी वर्गात आपापल्या जॅकेटचं लेबल वाचून या. मीही माझं वाचणार आहे. खरं सांगू? त्यावर काय लिहिलंय ते बघायची मला जरा धाकधूकच वाटतेय.