खोल पाषाणाची परीक्षा

२२ मे १९९७ ची पहाट जबलपूरकडील मराठी कुटुंबांच्या स्मरणात असेलच. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास भूमी हादरली आणि जुन्या घरांच्या भिंती कोसळल्या. भूकंपाचे प्रमाण ५.८ होते. शास्त्रज्ञांना विस्मय वाटला तो मात्र त्याच्या खोलीचा. १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपाचा उगम अवघ्या काही किलोमीटरांवर होता. येथे तो सुमारे ३५ किलोमीटर खाली निघाला!

इतक्या खोलीवर वरच्या खडकांचा भार वातावरणाच्या दहा हजार पटींच्या घरात जातो. उष्णताही तशीच. गारेचा खडक तीनशे अंशांच्या पुढे तापला की तुटण्याऐवजी हळूहळू वाहू लागतो. मग तुटले काय?

हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारता येतो. अमेरिकेतील डेव्हिड ग्रिग्ज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाबयंत्रात पेन्सिलीच्या तुकड्याएवढा खडक ठेवतात, भोवती मीठ ठासतात आणि तापवून वरून दट्ट्या चालवितात. मीठ मऊ असल्याने दाब सर्व बाजूंनी पोचतो. (आमच्या घरच्या मंडळींना येथे लोणच्याची बरणी आठवली, त्याला आमचा इलाज नाही.) १९६६ मध्ये ब्रेस आणि बायरली यांनी दाखविले की, दाबाखाली ग्रॅनाइटचे तडे सरळ घसरत नाहीत, अडतात, पुन्हा झटक्याने सुटतात. तो झटका म्हणजेच भूकंप. परंतु पुढे त्यांनाच असे आढळले की, खडक पुरेसा तापविला तर झटके थांबतात. कोडे अधिकच गहन झाले!

उत्तराचा एक धागा पाण्यात आहे. किंचित पाणी मुरले तरी तप्त स्फटिक दुबळा होतो. कोरडा खडक मात्र आपला ताठा सोडत नाही. दुसरा धागा अलीकडचा. २०१८ च्या सुमारास कोरड्या ग्रॅन्युलाइटवर प्रयोग झाले. दाबाखाली त्यातील खनिजे अधिक घन रूप घेऊ लागताच आतून सूक्ष्म तडतड टिपली गेली. नव्या खनिजांचे बारीक कण दुबळे पट्टे निर्माण करतात आणि तडा त्या वाटेने धावतो. हा शोध तिबेटखालील खोल भूकंपांसाठी होता. जबलपूरलाही तोच लागू आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तेथील जुने, तुलनेने थंड कवच खोलवरही कणखर राहिले असावे, असे पुष्कळांचे मत आहे.

शिवाय प्रयोगशाळेला घाई असते. निसर्ग जे लाखो वर्षांत वाकवितो ते तिला काही तासांत वाकवावे लागते. वेगातील तफावत अब्जपटीची.

जबलपूरच्या वाचकांपैकी कोणी त्या पहाटे हादऱ्याआधी भूमीचा घुमारा ऐकला असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.