घाटात मोजलेला आकडा हवा : एआरएआय संस्थेस खुले पत्र

प्रति,
संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

विषय : हायब्रिड गाड्यांचा इंधनखप घाटरस्त्यावर मोजून प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

गाडी घेण्यापूर्वी महाराष्ट्रातील ग्राहक इंधनखपाचा जो आकडा विचारतो त्याला बोलीत ‘एआरएआयचे मायलेज’ असेच म्हटले जाते, मग त्या गाडीची चाचणी कोणत्याही मान्यताप्राप्त केंद्रात झालेली असो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या संस्थेने कमावलेल्या विश्वासाचे हे लक्षण आहे. नेमक्या याच कारणाने, हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत हा आकडा महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील खरेदीदारास फार थोडे सांगतो, ही गोष्ट संस्थेपुढे मांडणे आवश्यक ठरते. वीर हे महाडचे रेल्वेस्थानक मुंबई-गोवा महामार्गालगत सखल भागात आहे. परंतु येथून भोरकडे जायचे तर वरंधा घाट आणि महाबळेश्वरकडे जायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाट लागतो.

हायब्रिड या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या रचना विकल्या जातात. सौम्य हायब्रिडमध्ये पट्ट्याने जोडलेले एक लहान विद्युतयंत्र इंजिनाला हातभार लावते, पण एकट्याच्या बळावर गाडी हलवू शकत नाही; पूर्ण हायब्रिडमध्ये, ज्याला बाजारात ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात, विद्युत मोटर कमी वेगात इंजिन बंद ठेवूनही गाडी चालवते; आणि प्लग-इन हायब्रिडची बॅटरी इतकी मोठी असते की ती घरच्या विजेवरही भरता येते. २०१५ मध्ये आलेल्या मारुती सियाझच्या सौम्य हायब्रिडला विद्युत व हायब्रिड वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेतून सवलत मिळत होती आणि २०१७ मध्ये ती काढून घेण्यात आली. या तीन रचनांत केवढे अंतर आहे, हे शासनाच्याही ध्यानात येण्यास दोन वर्षे जावी लागली, तर सामान्य ग्राहकाला दोष देता येणार नाही.

कोणत्या देशात हायब्रिडबरोबर कोणते इंजिन मिळते, हे अभियंत्याइतकेच तेथील कररचनाही ठरवते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसला दीड लिटरचे इंजिन होते, आणि जपानमधील वार्षिक वाहनकराच्या पायऱ्याही इंजिनाच्या घनक्षमतेनुसार, म्हणजे एक, दीड आणि दोन लिटर अशा, चढत जातात. त्याच प्रियसची पाचवी पिढी जपानमध्ये १.८ आणि २ लिटर अशा दोन्ही इंजिनांसह मिळते, अमेरिकेत ती २ लिटरचीच आहे, तर कार्बन उत्सर्जनावर कडक मर्यादा असलेल्या युरोपात ती केवळ प्लग-इन स्वरूपात, १३.६ युनिट क्षमतेच्या बॅटरीसह विकली गेली. ब्राझीलने वेगळी वाट धरली : तेथे उसापासून इथेनॉल मुबलक तयार होत असल्यामुळे २०१९ मध्ये टोयोटाच्याच कोरोलाचे १.८ लिटरचे हायब्रिड इंजिन पेट्रोल आणि इथेनॉल या दोहोंवर, कोणत्याही प्रमाणात, चालेल असे बनवण्यात आले. उसाच्या महाराष्ट्राने या उदाहरणाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते.

भारतात कराची रेषा चार मीटर लांबीवर आणि १२०० घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनावर ओढलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या हायब्रिड गाडीवर १८ टक्के आणि तिच्याबाहेरील गाडीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर पूर्ण विद्युत गाडीवर ५ टक्के. दीड लिटरच्या इंजिनाची ग्रँड विटारा, हायरायडर किंवा होंडा सिटी आणि दोन लिटरची इनोव्हा हायक्रॉस या सर्व पूर्ण हायब्रिड गाड्या त्यामुळे वरच्या गटात जातात. ग्रँड विटारा आणि हायरायडरमधील तीन सिलिंडरच्या इंजिनाचे भावंड जपान आणि युरोपातील यारिस क्रॉसमध्ये वापरले जाते, आणि तेथे मागील चाकांना स्वतंत्र विद्युत मोटर जोडून चारही चाकांना बळ देणारी आवृत्तीही मिळते. भारतात मात्र या जोडगोळीत चारही चाकांचे बळ सौम्य हायब्रिडबरोबरच देण्यात आले. पावसाळ्यात शेवाळलेल्या चढावर गाडी घालणाऱ्या कोकणातील माणसाला हा फरक महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीतील मायलेजच्या आकड्यात तो कोठेही दिसत नाही.

ग्रँड विटाराच्या पूर्ण हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो भारतीय चालनचक्रावर, म्हणजे प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून, ठरावीक क्रमाने वेग वाढवत व कमी करत मिळवला जातो. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि चढ-उतार नसतो. अशा चाचणीत हायब्रिडचा मूळ गुण उत्तम दिसून येतो, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी गतिऊर्जा विजेच्या रूपात बॅटरीत साठते आणि पुढच्या वेगवाढीला उपयोगी पडते. घाटात हे गणित बदलते. चार माणसांसह सुमारे १६०० किलो वजनाची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळीमार्गे पोलादपूरला उतरते तेव्हा ती सुमारे १३०० मीटर खाली येते, आणि या उतरणीत तिची जी स्थितिज ऊर्जा मोकळी होते ती साडेपाच युनिटांहून अधिक भरते. उपरोक्त गाडीची बॅटरी ०.७६ युनिटाची, म्हणजे या ऊर्जेच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान आहे. टायरचे घर्षण आणि हवेचा अडथळा यांत बराच भाग खर्च झाला तरी बॅटरी वाटेतच भरते, वीज साठवणे थांबते, आणि उरलेला भार इंजिनाच्या रोधावर व ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातील चालकांचा जुना नियम या गाड्यांना लागू करता येत नाही, कारण त्यांच्यात तसे गिअरच नसतात. उतारासाठी दिलेला ‘बी’ हा पर्याय केव्हा वापरावा, हे विक्रेत्याने समजावून सांगितले तरच कळते.

चढतानाही लहान बॅटरीची हीच मर्यादा आड येते. हायब्रिडमधील पेट्रोल इंजिन बहुधा ॲटकिन्सन चक्रावर चालते, म्हणजे त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे इंधनाची बचत होते पण कमी फेऱ्यांवरील ओढ घटते, आणि ही उणीव विद्युत मोटरने भरून काढायची असते. दीर्घ चढावर बॅटरीतील साठा संपला की मोटरला लागणारी वीजही इंजिनालाच निर्माण करावी लागते आणि ते वरच्या फेऱ्यांवर फिरत राहते. याउलट गणपतीच्या दिवसांत माणगाव आणि इंदापूर येथे कोंडीत अडकलेल्या चाकरमान्यांच्या रांगेत हीच गाडी तिच्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी इंधन जाळते, कारण थांबत-थांबत सरकताना तिचे इंजिन बराच वेळ बंदच असते. त्यामुळे नोकरीसाठी मुंबईला ये-जा करणाऱ्या वीरच्या कुटुंबाने हायब्रिड घ्यावी, आणि पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावर भाड्याची गाडी चालवणाऱ्याने डिझेलशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे अनुमान निघते; परंतु ते अनुमानच राहते, कारण ताडून पाहण्यासाठी लागणारा आकडा कोणीही प्रसिद्ध केलेला नाही.

आकडा मोजण्याचे साधन मात्र उपलब्ध आहे. ‘बीएस-६’ या उत्सर्जन मानकांच्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, गाडीला उपकरण जोडून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन तपासण्याची पद्धत देशात लागू झाली. हीच पद्धत जेथे प्रथम आली त्या युरोपात चाचणीमार्गावरील एकूण चढ १०० किलोमीटरला १२०० मीटरपेक्षा अधिक नसावा, अशी अट आहे; आंबेनळीत तेवढा चढ सुमारे ४० किलोमीटरांतच पार होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील आणि पायथ्याशी असलेल्या गावांसाठी म्हणून स्वतंत्र पूरक चाचणी लागेल.

हा विषय केवळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. उत्पादकांच्या सरासरी इंधनखपाची मर्यादा ठरवणाऱ्या ‘कॅफे’ नियमांत प्रत्येक पूर्ण हायब्रिड गाडी दोन गाड्यांइतकी धरली जाते आणि उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांना नोंदणीकर माफ केला. महाराष्ट्रात उद्या अशी सवलत द्यायची किंवा नाकारायची असेल, तर तो निर्णय सपाट रुळांवरील आकड्याच्या आधारे होऊ नये.

म्हणून विनंती अशी की, आपल्या संस्थेने पुण्याहून भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पसरणी घाट आणि वाई या मार्गाने परत पुण्याला येणारी चाचणीफेरी निश्चित करावी. ती जेथे सुरू होते तेथेच संपत असल्यामुळे चढ आणि उतार समान राहतील आणि तुलना न्याय्य होईल. वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद होत असल्याने हिवाळ्याचे महिने त्यासाठी सोयीचे आहेत. या फेरीवर सौम्य हायब्रिड, पूर्ण हायब्रिड, साधे पेट्रोल आणि डिझेल अशा गाड्यांचा इंधनखप आणि उतारावरील ब्रेकचे तापमान मोजावे, आणि निष्कर्ष मराठीत, प्रत्येक गाडीच्या नावासह, सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत.

कळावे,
वीर (ता. महाड, जि. रायगड) येथील एक वाहनधारक