फोनचा ‘एसएआर’ मोजतात साखरेच्या पाकात!

घोडपदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या रविवारी मीटिंग होती. विषय एकच: गच्चीवरचा मोबाइल टॉवर काढायचा की ठेवायचा? पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तू इंजिनिअर ना, तूच सांग. धोका टॉवरचा जास्त की फोनचा?” मी *#०७# डायल करून फोनचा एसएआर दाखवला. काकूंचा पुढचा प्रश्न: “हा मोजला कुणाच्या डोक्यात?”

प्रश्न भारी होता. उत्तर आहे, कुणाच्याच नाही.

डोकं साच्याचं, मेंदू पाकाचा

एसएआर म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप. लॅबमध्ये डोक्याच्या आकाराच्या पातळ साच्यात द्रव भरतात. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चाचणीसाठीच्या एका प्रसिद्ध कृतीत पाण्यापेक्षा साखर जास्त असते! साध्या पाण्यावर लहरींचा परिणाम मेंदूपेक्षा खूप वेगळा होतो. साखर तो फरक कमी करते. मीठ विजेचं वहन हवं तेवढं आणतं. वरच्या बँडसाठी साखरेऐवजी ग्लायकॉलसारखे द्रव वापरतात. साच्याला बाहेरून फोन लावून तो पूर्ण ताकदीने चालवतात आणि रोबोचा हात द्रवात प्रोब फिरवून मोजतो.

हा साचा अमेरिकी सैनिकांच्या मापांवरून, मोठ्या डोक्याचा बनवलाय. त्यात कवटी, चरबी, मेंदू असे वेगळे थर नाहीत.

मग आकडा वाचायचा कसा?

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे १.६ वॉट प्रति किलो, १ ग्रॅम ऊतकाच्या सरासरीवर. युरोपात २, पण १० ग्रॅमवर. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे थेट ताडून बघू नका.

फोन कुठे धरलाय यानेही आकडा बदलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सने आयफोन १२ ची विक्री थांबवली. हातात किंवा खिशात असतानाच्या चाचणीत ५.७४ आला होता, मर्यादा ४ होती. अ‍ॅपलने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर अपडेट दिला.

म्हणजे एसएआर हा ‘पास की नापास’ सांगणारा आकडा आहे. ०.८ वाला फोन १.२ वाल्यापेक्षा रोजच्या वापरात कमी ऊर्जा देईलच असं नाही. रेंज चांगली असेल तर फोन हळू ‘बोलतो’, रेंज गेली की ओरडतो.

इथेच आमच्या मीटिंगची मेख आहे. टॉवर गेला आणि रेंज पडली, तर कानाजवळचा फोन जास्त जोर लावेल. तळमजल्यावर तर आत्ताच एकच दांडी दिसते.

म्हणून मी म्हटलं, आधी मोजून घेऊ. भारतात टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर फी भरून मोजणी मागता येते. अर्ज करायचं ठरलं.

तोवर लांबलचक कॉल इयरफोनवर घ्या. लिफ्टमध्ये, एका दांडीवर गप्पा नकोत. काकूंनी तर त्याच संध्याकाळी इयरफोन मागवला.