गणपतीला गाडीने गावी येणाऱ्या चाकरमान्यांना जाहीर आवाहन

मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई-विरार, पुणे, जिथून कुठून चतुर्थीला स्वतःची गाडी काढून कोकणात उतरणार असाल, त्या सर्व मंडळींना मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला गॅरेज चालवणाऱ्या आम्हा मेकॅनिक लोकांचा नमस्कार.

विनंती एकच आहे. गाडीची सर्व्हिसिंग वेळापत्रकाप्रमाणे करून घ्या, आणि ते वेळापत्रक नुसत्या किलोमीटरवर न मोजता तारखेवर मोजा.

गॅरेजवालेच सर्व्हिसिंग करा म्हणतायत, म्हणजे धंद्याची जाहिरात चाललीय, असं वाटणं साहजिक आहे. पण तुमची सर्व्हिसिंग तुमच्या शहरात होणार, त्याचे पैसे तिकडच्या माणसाला मिळणार. आमच्या पदरात काही पडतं ते तुमची गाडी आमच्या हद्दीत बंद पडली तरच. एरवी ते चालतंही, पण चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीत म्हातारी आई, झोपलेली पोरं आणि मांडीवर जपून धरलेली पूजेची पिशवी बघितली की बिल करताना हात अडखळतो.

या दिवसांत टोचन करून आमच्या दारात येणाऱ्या गाड्या फार चाललेल्या असतात असं नाही. टुरिस्ट परवान्याची, दोन लाख किलोमीटर झालेली गाडी सहसा निवांत निघून जाते, कारण तिचा मालक तिच्यावर पोट भरतो आणि ऑइल बदलायची तारीख चुकवत नाही. अडकते ती सोसायटीच्या पार्किंगमधली, सात वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर झालेली चकचकीत गाडी. मालकाचं म्हणणं ठरलेलं, “अहो, गाडी फिरतेच कुठे? रविवारी मॉलपर्यंत. सर्व्हिसिंग कशाला करायची?” मग आम्ही डॅशबोर्डचा कप्पा उघडायला सांगतो. आतून प्लास्टिकच्या पिशवीसकट सर्व्हिसची पुस्तिका निघते. पहिल्या तीन फुकट सर्व्हिसिंगचे शिक्के ठळक उठलेले असतात. चौथ्या पानापासून पुढे सगळं कोरं.

त्याच पुस्तिकेत कंपनीने लिहून ठेवलेलं असतं: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांतलं जे आधी होईल ते. बहुतेक पेट्रोल गाड्यांना हे गणित १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं, काहींना १५,०००. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. मालक मंडळी पहिला आकडा पाठ करतात आणि “जे आधी” हे दोन शब्द सोडून देतात.

कमी फिरणाऱ्या गाडीची झीज वेगळ्या वाटेने होते. घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या झाल्या तर इंजिन पुरतं तापतच नाही. आत धरलेला दमटपणा आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं, आणि ऑइलचा गुण जातो. बॅटरी पुरती चार्ज होत नाही. टायर एकाच जागी वजन घेऊन उभे राहतात. त्यात सोसायटीचे उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. याला कुठल्याच कंपनीच्या पुस्तिकेत रकाना नाही, तेव्हा बॉनेट उघडून बघायची सवय तुम्हीच लावून घ्या.

आता ब्रेक ऑइलबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं आणि सगळ्यात महाग तेच पडतं.

हे तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं. गाडी चालो न चालो, पाणी मुरत राहतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा? डॉट-४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की त्याच प्रतीसाठी मानकात धरलेला किमान आकडा १५५ वर येतो. सपाटीवर हा फरक कळत नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून धरला की चाकाजवळची डिस्क भयंकर तापते, ती उष्णता तेलात शिरते आणि पाणी मुरलेलं तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ लागतं, मग खाली खाली जातं, आणि गाडी थांबत नाही.

अशी गाडी घाटाखाली येऊन थांबली की आधी जळका वास येतो. झाकण उघडून बघावं तर मूळचं फिकट पिवळं तेल काकवीसारखं काळपट झालेलं. कधी बदललंत, असं विचारलं तर नवरा बायकोकडे बघतो आणि बायको ओडोमीटरकडे. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदला, असं बहुतेक पुस्तिका सांगतात. त्याचा खर्च घरच्या मखराइतकाही येत नाही.

कशेडीला बोगदा झाला म्हणून घाट संपले असं समजू नका. भोस्ते आहे, परशुराम आहे. पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना कुंभार्ली, आंबा, फोंडा, गगनबावडा असा एखादा घाट उतरावाच लागतो. उतारावर दुसऱ्या गिअरला गाडी ठेवा, इंजिनलाच तिला अडवू द्या आणि ब्रेक मारून सोडत चला. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याची खोड तर आजच सोडा. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये राहून उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर गाडीवरचा ताबा जातो.

दुसरी गोष्ट कूलंटची. इंदापूर-माणगावच्या कोंडीत काय होतं ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त अनुभवलंय. एसी पूर्ण चालू, गाडीत सहा माणसं, टपावर सामान आणि वेग शून्य. समोरून वारा लागत नाही, तेव्हा सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर आणि कूलंटवर. त्यात वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं असेल तर आत क्षार आणि गंज धरून वाटा अरुंद झालेल्या असतात. कूलंट पुस्तिकेतल्या तारखेला बदला, आणि पंखा वेळेवर सुरू होतो का हे निघण्याआधी तपासून घ्या. कोंडीत काटा वर चढायला लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर निघते. तरीही काटा उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र काही झालं तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवताच उकळतं पाणी तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी तेच.

टायरच्या खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. टायर झिजून त्या पट्टीला टेकला की संपला, पावसात तो पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. पण न झिजलेला टायरही म्हातारा होतो. त्याच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे आकडे कधीकधी आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा वाकून बघा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी काढा. स्टेपनीलाही हेच लागू आहे. तिच्यात हवा भरली आहे ना, आणि जॅक-पाना गाडीतच आहे ना, हे सामान भरण्याआधी बघा. मोदकाच्या पात्राखाली गाडलेली स्टेपनी भर पावसात काढायला लागली की घरातली शांतता भंगते.

वायपरचं रबर मे महिन्याच्या उन्हात कडक होतं, ते दरवर्षी पावसाळ्याआधी बदला. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. सीएनजीची गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी झाली आहे का, हे पाटीवरची तारीख बघून ठरवा. पीयूसी आणि विमा याबद्दल आम्ही काय सांगावं!

हे सगळं चतुर्थीच्या दोन दिवस आधी मात्र करू नका. शेवटच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्यांची इतकी रीघ लागते की ऑइल-फिल्टर बदलून गाडी धुऊन हातात देतात, खालून वाकून बघायला कुणाला फुरसत नसते. एखादा पार्ट मागवायचा निघाला तर तो चतुर्दशीपर्यंत यायचा नाही. महिनाभर आधी काम उरका, मग निघण्यापूर्वी दीडदोनशे किलोमीटर गाडी शहरातच चालवा. काही ढिलं राहिलं असेल, कुठे गळत असेल, तर ते तुमच्या नेहमीच्या माणसाच्या दारात कळलेलं बरं. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना “जनरल करून टाका” असं मोघम सांगू नका. ब्रेक ऑइल, कूलंट, टायर, पंखा ही चार नावं कागदावर लिहून द्या, आणि काय बदललं ते बिलावर मागून घ्या.

टोलमाफीच्या पाससाठी तुम्ही आरटीओत आणि पोलीस ठाण्यात रांग लावता. त्याच दिवशी पुस्तिका उघडून शेवटच्या शिक्क्याची तारीखही बघून घ्या.

एवढं करूनही गाडी वाटेत रुसलीच तर ती होईल तेवढी डाव्या कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, तिकोनी रिफ्लेक्टर मागे बराच लांब ठेवा आणि माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. वळणावर बंद पडली असेल तर रिफ्लेक्टर वळणाच्या अलीकडे ठेवा, नाहीतर मागून येणाऱ्याला तो दिसणारच नाही. कुणाला लागलं असेल किंवा गाडी धोक्याच्या जागी असेल तर ११२ वर फोन करा. नुसताच बिघाड असेल तर जवळच्या गावात कुणालाही विचारा. चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्यापैकी बरेच जण उघडेच असतात. शटर खाली दिसलं तरी वाजवा. फक्त पार्टची हमी आम्ही देऊ शकत नाही, कारण त्या रात्री स्पेअर पार्टची दुकानं बंद असतात आणि तो दुकानदारही गणपती आणायला गेलेला असतो.