किनारा की महासागर?

गंमत बघा मंडळी, आमच्या मावळातून समुद्र दिसत नाही, पण लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी १९४५ पासून नौदलासाठी माणसं घडवतंय आणि इंदुरीच्या तोलानीतली मुलं मर्चंट नेव्हीत जातात. असो. आमच्या घरात सध्या वाद चाललाय तो प्रवासी बोटीचा.

मुलगा-सून म्हणतात, मुंबई-गोवा क्रूझ करा. दोन रात्री, काही झालंच तर किनारा जवळ. सौ.ला मात्र 'क्वीन मेरी २'ने साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जायचंय. सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. दोन वर्षांपूर्वी तिची ॲन्जिओप्लास्टी झालीय, तेव्हा मुलांची भीती खोटी नाही. बोटीवर दवाखाना असतो, पण भर अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टर कुठून येणार?

तरी माझं मत तिच्याच बाजूने. ती देवगडची. लहानपणी कोकण बोटीने मुंबईला येताना डेकवर वळकटी पसरून झोपलेली, हलत्या पडावातून बोटीवर चढलेली. विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड हे सगळं तिने समुद्रातूनच पाहिलंय. तोच किनारा आता एसी केबिनमधून, तोही बराचसा रात्रीच्या अंधारात, कशाला पाहायचा? एवढा खर्च आम्ही काही दोनदा करणार नाही.

शिवाय पश्चिमेला जाताना बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे करतात, म्हणजे जेट लॅगही नाही!

हार्टच्या डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं तर प्रश्नच मिटला. नुसत्या धास्तीपोटी मात्र मी तिला अडवणार नाही. तपासणी मंगळवारी आहे.